रोमन श्रीमंतांचा सल्लागार

रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकाचा इतिहास सेनापतींच्या आणि वक्त्यांच्या नावांनी गजबजलेला आहे. परंतु त्यांपैकी अनेकांच्या घरचे हिशेब ज्याच्या नजरेखालून जात, तो टायटस पॉम्पोनियस ॲटिकस जन्मभर कोणत्याही अधिकारपदाच्या वाटेस गेला नाही.

ॲटिकसचा जन्म इ. स. पू. ११० चा. ऐन तारुण्यात रोममध्ये मारियस व सुल्ला यांच्या पक्षांत रक्तपात माजला, तेव्हा आपली बरीचशी संपत्ती घेऊन तो अथेन्सला गेला व सुमारे वीस वर्षे तेथेच राहिला. अथेन्स नगरास कर्जाची निकड होती आणि वाजवी अटींवर कोणी पैसा देईना. ॲटिकसने तो दिला. व्याज घेतले नाही. पण ठरलेली मुदतही टळू दिली नाही. व्याजाने कर्ज वाढते, तसे सवलतीनेही ते जुने होते, हे मर्म त्याने ओळखले होते.

इ. स. पू. ६५ च्या सुमारास तो रोमला परतला. सिसेरो बंधू, कॅटो, हॉर्टेन्सियस अशा मातबरांचे व्यवहार तो पाहत असे. हे काम किती नाजूक होते, हे सिसेरोने त्याला लिहिलेल्या पत्रांच्या सोळा भागांवरून कळते. मुलीच्या हुंड्याचे हप्ते, अथेन्समध्ये शिकणाऱ्या मुलाचा खर्च, वाड्यासाठी ग्रीक पुतळे, आणि ती लाडकी मुलगी वारल्यावर तिच्या स्मारकासाठी बागेची जागा: सारे ॲटिकसवर सोपविलेले. मामाकडून त्याला सुमारे एक कोटी सेस्टर्सचा वारसा मिळाला. तरी त्याच्या घरचा मासिक खर्च तीन हजारांच्या आसपासच राहिला, असे त्याचा चरित्रकार नेपॉस सांगतो.

खरी कसोटी सीझरच्या वधानंतर, इ. स. पू. ४४ मध्ये लागली. मारेकऱ्यांसाठी निधी उभारण्याची सूचना आली, तेव्हा ॲटिकसने वर्गणी नाकारली. पण ब्रूटस परागंदा होताच त्याला एक लाख सेस्टर्स पाठविले. पुढे अँटनीचे दिवस फिरले, तेव्हा त्याच्या पत्नीलाही त्याने बिनव्याजी कर्ज देऊन सावरले. पक्षाला पैसा नाही, संकटातील माणसाला मात्र नाही म्हणायचे नाही, असा त्याचा दंडक होता.

इ. स. पू. ४३ मध्ये वधार्ह व्यक्तींच्या याद्या झळकल्या. अँटनीने स्वहस्ते पत्र लिहून ॲटिकसला अभय दिले. त्याच अँटनीच्या वैरापायी ७ डिसेंबरला सिसेरोचा शिरच्छेद झाला.

ॲटिकस इ. स. पू. ३२ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी वारला. त्याने अनेक घरे सावरली. ज्या प्रजासत्ताकाच्या आधाराने ती उभी होती, त्याच्यासाठी मात्र काही पणाला लावले नाही. त्याला शहाणा म्हणावे की सावध, हा वाद त्याच्या शब्दांत ऐकण्याची सोय नाही. सिसेरोची पत्रे उरली. ॲटिकसची उत्तरे नष्ट झाली.