काकांची स्मरणशक्ती

आमचं गाव कनेरगाव नाका. एके काळी पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात द्यावी लागे. हद्दीवरच्या माणसाला खरा माल आणि चोरटा माल वासावरून कळतो म्हणतात. मला तो कळायला बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावं लागलं.

साल १९८१. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. पहिलं प्रॅक्टिकल स्मरणाचं होतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक शब्द स्वतःच पाठ करकरून विसरण्याचा हिशेब मांडला आणि १८८५ साली छापला. आम्हीही तेच करायचं, फक्त पाठ करणारा दुसरा हवा. त्याला 'सब्जेक्ट' म्हणत. मी काकांना बसवलं.

"काय अर्थ याचा?"

"अर्थ नाहीच काका."

"मग पाठ काहून करू?"

तरी बिचाऱ्यांनी केलं. बारापैकी तीन आठवले, त्यातला एक त्यांच्या बैलाचं नाव होतं. मी इमानदारीने आलेख काढला. पुस्तकातला आलेख घसरगुंडीसारखा उतरत होता. काकांचा कनेरगावच्या रस्त्यासारखा, खड्डे धरून.

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी एका सीनियरचं जर्नल उतरवलं होतं. चाळीस सब्जेक्टांची स्मरणशक्ती दशांश चिन्हापर्यंत सारखी! त्यांना वीसपैकी सतरा-अठरा मार्क, मला नऊ.

सर म्हणाले, "आलेख चुकलाय."

"सर, काका तसेच आहेत."

"मग काका चुकलेत."

पुढे कळलं की हा रोग फार वरपर्यंत गेलेला. इंग्लंडचे सिरिल बर्ट, १९४६ साली 'सर' झालेले बडे मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळे वाढलेले जुळे अभ्यासून बुद्धी वारशाने येते असं ते सांगत. १९५५ साली जुळ्यांच्या एकवीस जोड्या, १९६६ साली त्रेपन्न. पण त्यांच्या बुद्ध्यंकांतला सहसंबंध दोन्ही वेळा ०.७७१! बर्ट १९७१ साली वारले, आणि १९७४ साली लिऑन केमिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या आकड्यांवर बोट ठेवलं. बर्ट यांची बाजू घेणारेही पुढे निघाले, वाद अजून पुरता मिटलेला नाही. मला मात्र तो आकडा बघून आमचा वर्गच आठवला.

कायदे पुष्कळ झाले. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने १९८२ साली केला. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम काढले. त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे. आमच्या जर्नलांत वेगळेपणच दहा टक्के नव्हतं. रोल नंबर तेवढे निराळे.

आता खरं ते सांगून टाकतो. दुसऱ्या प्रॅक्टिकलला मीही त्या सीनियरचं जर्नल आणलं. सब्जेक्टच्या जागी काकांचं नाव, वय, व्यवसाय शेती. खाली आकडे त्याचे. अठरा मिळाले. सरांनी 'उत्तम' असा शेरा मारला, वर सही.

घरी आलो तर काका ओट्यावर वाट बघत बसलेले. "काय रे, या टायमाला बोलावलं नाहीस मला. माझे किती आले?"

"बारापैकी दहा."

काका काही बोलले नाहीत. टोपी घातली, नाक्यावर गेले आणि चार जणांना स्वतःच्या पैशाने चहा पाजून आले.