लग्नपत्रिकेची 'एपीके' फाइल: ओटीपी न सांगताही खातं कसं रिकामं होतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं निमंत्रण आलं. ३० ऑगस्टला लग्न आहे, जरूर या, असा मजकूर होता आणि सोबत पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती पीडीएफ वाटत होती, प्रत्यक्षात एपीके होती. फाइल उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. हिंगोली पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला.

'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य आता बहुतेकांना पाठ आहे. पण या फसवणुकीत ओटीपी विचारायला कोणी फोनच करत नाही. तो तुमच्या फोनमधून परस्पर वाचला जातो. हे कसं होतं आणि ते कुठे थांबवता येतं, ते पाहूया.

एपीके फाइल म्हणजे काय?

फोटो, व्हिडिओ आणि पीडीएफ या पाहायच्या फाइल असतात. एपीके ही पाहायची नव्हे, तर बसवायची फाइल आहे. अँड्रॉइड फोनवरचं प्रत्येक ॲप अशाच स्वरूपात तयार होतं. प्ले स्टोअरवरून ॲप घेतलं की त्याआधी गूगलची तपासणी झालेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके ही तपासणी टाळून थेट तुमच्यापर्यंत पोहोचते. आयफोनवर ही फाइल चालत नाही, त्यामुळे या प्रकारात अँड्रॉइड वापरणारेच सापडतात.

खरी पत्रिका टॅप केली की उघडते. खोटी पत्रिका 'इन्स्टॉल' करायला सांगते. व्हॉट्सॲपवर फाइलच्या नावाखाली तिचा आकार आणि प्रकारही दिसतो. नावात 'पीडीएफ' लिहिलेलं असलं तरी शेवटी 'एपीके' असेल, तर ते ॲप आहे.

लग्नपत्रिकाच का?

कारण पत्रिका कोणाचीही येऊ शकते आणि ती उघडून पाहिल्याशिवाय कोणाची आहे ते कळत नाही. हिंगोली तालुक्यातलं नरसी नामदेव घ्या किंवा मराठवाड्यातलं दुसरं कोणतंही गाव. भावकी, सोयरे, मित्र, ऑफिसमधले लोक मिळून वर्षभरात कितीतरी निमंत्रणं येतात. आता त्यातली बरीचशी व्हॉट्सॲपवर येतात. अनोळखी नंबर दिसला तरी 'कुणाचा तरी पाहुणा असेल' असं वाटतं.

हिंगोलीच्या प्रकरणातली तारीख चातुर्मासातली होती, तेव्हा गणपती बसलेले होते. एरवी त्यावरून शंका आली असती. पण हल्ली चातुर्मासातही लग्नं लागतात, त्यामुळे तारखेवरून खरं-खोटं ठरवता येत नाही.

ही युक्ती हिंगोलीपुरती नाही. हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच अशा पत्रिकांबद्दल सावध केलं होतं. पीएम किसानचा हप्ता, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी, थकलेलं वीजबिल अशा नावांनीही एपीके फिरतात. नाव बदलतं, फाइलचा प्रकार तोच राहतो.

ॲप बसल्यावर काय करतं?

ते आधी परवानग्या मागतं. सर्वांत महत्त्वाची परवानगी एसएमएसची. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुम्ही वाचण्याआधीच दुसऱ्याकडे जाऊ शकतो. काही ॲप 'ॲक्सेसिबिलिटी' मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती दिली की ॲपला स्क्रीनवरचं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

नुसत्या ओटीपीने मात्र सहसा भागत नाही. कार्डावरचे आकडे किंवा नेट बँकिंगचा पासवर्डही लागतो. म्हणून अशी ॲप बँकेसारखा दिसणारा फॉर्म दाखवतात किंवा तुम्ही टाइप करता ते टिपून घेतात. यूपीआयचा पिन नव्याने सेट करायलाही डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी वापरला जातो.

फाइल ओळखीच्या नंबरवरून आली तर?

तरीही इन्स्टॉल करू नका. एसएमएस वाचता आले की व्हॉट्सॲपचा कोडही वाचता येतो, आणि तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनवर सुरू होऊ शकतं. मग तीच 'पत्रिका' तुमच्या नावाने भावकीच्या ग्रुपवर जाते. मामाच्या नंबरवरून आली म्हणजे मामानेच पाठवली, असं होत नाही. एक फोन करून विचारा.

चुकून इन्स्टॉल झालं तर काय कराल?

१. सर्वांत आधी फोन 'एअरप्लेन मोड'वर टाका आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहा. त्यामुळे ॲपचा बाहेरचा संपर्क तुटतो.

२. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

३. बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेचा नंबर पासबुक किंवा कार्डावरून घ्या, इंटरनेटवर शोधून नको. तिथे खोटे नंबरही असतात.

४. आलेला मेसेज डिलीट करू नका, तो पुरावा आहे. दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढा.

५. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. निघत नसेल किंवा दिसत नसेल, तर फोन पूर्ण रिसेट करणं सुरक्षित. त्याआधी पोलिसांना विचारून घ्या.

६. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. ज्यांना तुमच्या नावाने फाइल गेली असेल, त्यांना कळवा.

पैसे परत मिळतात का?

ते बऱ्याच अंशी वेळेवर ठरतं. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. १९३० वर तक्रार झाली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि जी रक्कम अजून खात्यात असेल ती रोखून धरता येते. ती एटीएममधून काढली गेली, की काम अवघड होतं.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली होती. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर त्यानुसार ग्राहकावर भार येत नव्हता. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं, तक्रारीनंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात बँकेवर ठेवली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही असेच नियम आले.

म्हणून लाजेखातर गप्प बसणं सर्वांत महागात पडतं. 'घरच्यांना काय सांगू' या विचारात गेलेला एक दिवस चोराच्या कामी येतो.

आजच करून ठेवण्यासारखं

- सेटिंग्जमध्ये 'अननोन ॲप्स' शोधा. तिथे व्हॉट्सॲप आणि क्रोमला ॲप बसवण्याची परवानगी असेल, तर बंद करा.
- व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा.
- व्हॉट्सॲपमध्ये फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद करा.
- प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवा. ते बंद करायला सांगणारी फाइल नकोच.
- फोनशी जोडलेल्या खात्यात रोजच्या खर्चापुरते पैसे ठेवा. पीककर्ज, अनुदान, निवृत्तीवेतन किंवा लग्नासाठी साठवलेली रक्कम यूपीआय नसलेल्या वेगळ्या खात्यात ठेवता आली तर उत्तम.
- घरात एकच स्मार्टफोन सगळे वापरत असतील, तर मुलांना आणि आजी-आजोबांना एवढंच सांगा: 'इन्स्टॉल' शब्द दिसला की हात थांबवायचा आणि विचारायचं.

लग्नसराईत पत्रिका तर येतच राहणार. तुमच्या घरची पत्रिका पाठवायची असेल, तर ती साध्या फोटोच्या रूपात पाठवा आणि सोबत घरातल्या माणसाचं नाव लिहा. पाहुण्यांना फाइल उघडावी लागत नाही आणि पत्रिका कोणाची तेही लगेच कळतं.