हवा खाणारा सरडा आणि पिठातली अळी

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जण हसले, ते मला इथून दिसलं. पाळलेला सरडा आणि त्याला घालायच्या अळ्या, यात इतिहास कुठे आला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. तासाभराने तो पडणार नाही, अशी आशा करू या.

आपल्याकडे म्हणतात, नुसती हवा खाऊन पोट भरत नाही. युरोपात मात्र जवळजवळ दीड हजार वर्षं शिकलेल्या माणसांची ठाम समजूत होती, की एक प्राणी खरोखरच हवा खाऊन जगतो. तो प्राणी म्हणजे शॅमेलिऑन. आपल्या बागेत कुंपणावर मान हलवणारा सरडा तो हा नव्हे. आपल्याकडचा शॅमेलिऑन वेगळा. त्याला कुठे सरडगुहिरा म्हणतात, कुठे घोयरा. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरणारा, शेपटीची गुंडाळी करणारा.

पहिल्या शतकात रोमन लेखक थोरला प्लिनी याने लिहून ठेवलं, की हा प्राणी तोंड उघडं ठेवून बसतो, काही खात नाही, पीत नाही, हवेवरच जगतो. कवी ओव्हिडनेही तेच सांगितलं होतं. पुढे सोळाशेच्या सुमारास शेक्सपिअरचा हॅम्लेट ‘मी शॅमेलिऑनचं जेवण जेवतोय’ अशा अर्थाचं बोलतो, तेव्हा प्रेक्षकांना ते समजावून सांगावं लागत नव्हतं. आपणही फार हसू नये. अमरकोशात सापाच्या नावांत ‘पवनाशन’ हे नाव आहे. पवन हेच ज्याचं अशन, म्हणजे वारा खाणारा. जो प्राणी खाताना सहसा दिसत नाही, त्याच्याबद्दल माणसं असंच काहीतरी ठरवून टाकतात.

शॅमेलिऑनच्या बाबतीत ही समजूत इतकी का टिकली, हे बघण्यासारखं आहे. एक तर तो बरेच दिवस उपाशी राहू शकतो. दुसरं, तो अंग फुगवतो. त्याची फुप्फुसं मोठी, त्यामुळे बघणाऱ्याला वाटणार, हा हवाच भरून घेतोय. आणि तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. त्याची जीभ शरीराच्या लांबीपेक्षाही लांब जाते, पण भक्ष्यापर्यंत पोचायला तिला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तुमची पापणी लवली, की माशी गेली. म्हणजे प्लिनी मूर्ख नव्हता. बघायला सोपी नसलेली गोष्ट न बघता लिहिली, आणि नंतरच्यांनी ती न बघता उतरवून घेतली.

ही साखळी तुटली कशी? पियेर बेलाँ नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक पूर्व भूमध्य प्रदेशात आणि इजिप्तमध्ये हिंडून आला. त्याचं प्रवासवर्णन १५५३ साली छापलं गेलं. शॅमेलिऑनचं पोट फाडलं तर आत माश्या, सुरवंट, भुंगेरे सापडतात, हे त्याने दाखवलं. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता, पण मिटला नाही. पोटात सापडलं म्हणजे तेच त्याचं अन्न कशावरून, असं म्हणायला लोक मोकळे होते.

मग आला पेरेस्क. दक्षिण फ्रान्समधला हा विद्वान १६३७ साली वारला. पुराणवस्तू, ग्रहतारे, झाडं, प्राणी, सगळ्यांत त्याला रस. त्याने शॅमेलिऑन पाळला. पाळला, म्हणजे त्याला रोज काहीतरी द्यावं लागलं आणि रोज बघावं लागलं. पुढे थॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टरने १६४६ साली लोकभ्रमांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात शॅमेलिऑनवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे पेरेस्कचा दाखला येतो. त्याचा सारांश असा, की हा प्राणी पाणी पिताना अनेकदा दिसला, आणि पिठातल्या अळ्या तो आवडीने खातो.

पिठातल्या अळ्या! दीड हजार वर्षांच्या पंडिती समजुतीसमोर साक्षीदार म्हणून उभी कोण राहिली, तर कोठारातल्या धान्यात पडणारी, दळणवाल्याला नको असलेली अळी.

तीच का, हेही बघा. ही अळी खरं तर एका काळ्या भुंगेऱ्याचं पिल्लू. आज तिला मीलवर्म म्हणतात. हिवाळ्यात युरोपात माश्या मिळत नाहीत, टोळ मिळत नाहीत. पण ही अळी घरात, डब्यात, बारा महिने राहते. बुलबुलासारखे गाणारे पक्षी पिंजऱ्यात ठेवणारे लोक तिला पिढ्यान्पिढ्या ओळखत होते. गव्हाच्या कोंड्याचा चार बोटं थर, ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती, आणि कोरडी, उबदार जागा. पाण्याची वाटी ठेवायची नाही, कोंड्याला बुरशी येते. भुंगेरे अंडी घालतात, अंड्यातून अळ्या, अळीचा कोष, कोषातून पुन्हा भुंगेरा. थंडीत ठेवलं तर अळीची वाढ मंदावते, म्हणून आज लोक ती फ्रिजमध्येही ठेवतात. इतकं सोपं, स्वस्त जिवंत अन्न दुसरं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. भ्रम गेला, प्राण्याला जेवण मिळालं. पण इतिहासात एक चूक सुधारली, की तिच्या जागी दुसरी चूक येऊन बसते, आणि ती जास्त अवघड असते. कारण ती शहाणपणासारखी दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शॅमेलिऑन मोठ्या प्रमाणावर पाळीव प्राण्यांच्या बाजारात आले. येमेनकडचा तुरेवाला, मादागास्करचा रंगीत, केनियाचा तीन शिंगांचा. पाळणाऱ्यांच्या हातात होता तोच पिठातल्या अळ्यांचा डबा. प्राणी आवडीने खायचा, आणि तरीही मरायचा. पाय वाकायचे, जबडा मऊ पडायचा, फांदी धरता यायची नाही. शेवटी जीभही नीट बाहेर पडेना. पाळणारा म्हणायचा, ‘खात नाही हो, नखरे करतो.’ खाणाराच प्राणी खाऊ शकेनासा झाला होता.

कारण काय? हाडांना कॅल्शियम लागतं, आणि ते अंगी लागायचं तर अन्नात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवं, साधारण दीड ते दोन पट. पिठातल्या अळीत गणित नेमकं उलटं असतं. तिच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहूनही जास्त भरतो. भुंगेऱ्याच्या अळीला हाडं नाहीत. ती कॅल्शियम साठवणार तरी कशाला?

दुसरा भाग उन्हाचा. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याच्या प्रकाशात बरी केली. त्वचेवर हा प्रकाश पडला, की शरीर ड जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते असेल तरच कॅल्शियम शोषलं जातं. माणसांच्या मुलांबद्दल कळलेली ही गोष्ट पिंजऱ्यातल्या सरड्यापर्यंत पोचायला अनेक दशकं गेली. त्यांच्यासाठी खास अतिनील दिवे बाजारात आले ते १९९०च्या दशकात. खिडकीत ठेवलेला पिंजरा पुरत नाही, कारण हाडांना हवे असलेले किरण काच जवळजवळ सगळे अडवते. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनवर प्रयोग केले. आहारात ड जीवनसत्त्व कमी असेल तर तो आपणहून जास्त वेळ या किरणांत बसतो, असं त्यांना दिसलं. प्राण्याला ठाऊक होतं, पाळणाऱ्याला नव्हतं.

मग पाळणारे शिकले. अळी सरड्याला घालण्याआधी एकदोन दिवस अळीलाच चांगलं खाऊ घालायचं, हिरवा पाला आणि कॅल्शियम घातलेलं खाद्य. वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची. आणि एकाच अळीवर विसंबायचं नाही. मेणकिड्याची अळी चरबीने भरलेली, ती क्वचितच द्यायची. रेशमाची अळी चांगली, पण तिला तुतीचा पाला हवा. सुपरवर्म नावाची मोठी अळी तर गर्दीत कोषात जातच नाही. तिची पैदास करायची तर एकेक अळी वेगळ्या डबीत ठेवावी लागते. आणि ज्यांच्या घरी ओल्या कचऱ्याच्या खताची टोपली आहे, त्यांनी त्यात वळवळणाऱ्या चपट्या, करड्या अळ्या पाहिल्या असतील. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. या अळीच्या कातडीत कॅल्शियम साठतं. म्हणजे जी अळी बघून आपण नाक मुरडतो, ती पोषणात पिठातल्या अळीच्या पुढे. पण सरड्याला घालायची ती मुद्दाम वाढवलेली, कचऱ्यातली नव्हे.

एक प्रसंग सांगून थांबतो. १९७२ साली हवाईमध्ये एका दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे काही डझन शॅमेलिऑन आणवले. प्रवासात ते खंगले होते. सावरावेत, पोटभर किडे खावेत, म्हणून त्याने ते घरामागच्या बागेत सोडले. त्यातले निसटले ते वाढले, आणि आज तिथल्याच, जगात दुसरीकडे नसलेल्या किड्यांवर आणि गोगलगायींवर ताव मारतात. दया खरी होती. पण भुकेल्याला खाऊ घालताना जेवण कोणाच्या ताटातलं आहे, हे बघायचं राहून गेलं.

प्लिनीला वाटलं, हा काहीच खात नाही. आपल्याला वाटलं, खातोय ना, मग झालं. दोघांनी सरड्याच्या तोंडाकडे पाहिलं, घासाच्या पोटात काय आहे ते पाहिलं नाही.

आणि हो, हे ऐकून कोणी कुंपणावरचा घोयरा घरी आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, पाळणं हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑन बहुतेक सगळे साइट्स कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपला घोयरा दिसलाच तर लांब उभे राहा आणि थोडा वेळ बघा. पापणी न लववता. तो हवा खात नाही, हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी कळेल.

प्रश्न असतील तर विचारा.