केस सरळ करायची शंभर वर्षं आणि आपल्या पोरींची डोकी

लग्नसराई तोंडावर आली की पार्लरमध्ये एकच मागणी वाढते, केस सरळ करून द्या. पूर्वी अशा कामाला सांगली-मिरज नाहीतर विजयपूर गाठावं लागायचं. आता आपल्या जतसारख्या तालुक्याच्या गावातही हे होतं. स्मूदनिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया, नावं रोज नवी. आणि चार-सहा महिन्यांनी त्यातल्याच काही पोरी विचारत फिरतात, "केस झाडूसारखे झालेत, विंचरलं की तुटतात, आता काय लावू?"

या प्रश्नाचं उत्तर बाटलीत शोधायच्या आधी जरा इतिहासात शोधू. कारण हा धंदा कालचा नाही. शंभर वर्षांत रसायन बदललं, नाव बदललं, पण "हे मात्र एकदम सेफ आहे" हे वाक्य काही बदललं नाही.

आधी केस म्हणजे काय ते बघू. केसाचं मूळ जिवंत असतं, बाहेर आलेला केस मृत असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या आत गंधकाचे बंध असतात. हे बंध जसे बसलेले असतील तसा केस सरळ किंवा कुरळा. पाण्यानं, इस्त्रीनं तो तात्पुरता सरळ होतो. कायमचा सरळ करायचा तर हे बंधच तोडावे लागतात. सगळ्या क्रीमचं गुपित एवढंच.

आता गोष्ट अमेरिकेची. क्लीव्हलँड शहरात गॅरेट मॉर्गन नावाचा कृष्णवर्णीय कारागीर होता. शिवणयंत्राची सुई घासून तापते आणि लोकरीचं कापड करपतं, म्हणून तो सुईला लावायचं एक द्रावण बनवत होता. हात पुसलेल्या कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले. मग म्हणे शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या केसांवर प्रयोग केला, नंतर स्वतःच्या. १९१३ च्या सुमाराला त्याची केस सरळ करायची क्रीम बाजारात आली. हाच मॉर्गन पुढं वाहतूक सिग्नलच्या पेटंटसाठी प्रसिद्ध झाला.

गंमत बघा. त्याच काळात लंडनमध्ये सरळ केसांच्या गोऱ्या बायकांना केस कुरळे करून हवे होते. कार्ल नेसलरनं कायमस्वरूपी कुरळे करायचं यंत्र काढलं, पहिले प्रयोग बायकोवर केले आणि त्यात तिचे केस जळाले. एकीकडं कुरळे नकोत, दुसरीकडं सरळ नकोत. पण अमेरिकेतल्या काळ्या बायकांची गोष्ट नुसत्या हौसेची नव्हती. कुरळे केस म्हणजे गबाळे केस असं नोकरी देणारे मानायचे. पोट भरायचं तर केस सरळ हवेत, अशी ती अडचण होती.

पुढं तिथं जे रिलॅक्सर चाललं त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असायचं. म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, ज्यानं साबण बनवतात. दहा-पंधरा मिनिटांत केस सरळ, पण वेळ चुकली की टाळूवर फोड. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारी यंत्रणेनं डब्यावर धोक्याची सूचना लिहायला लावली. मग "सोडा नसलेलं" रिलॅक्सर आलं. त्यात कॅल्शियमचं हायड्रॉक्साइड. टाळू थोडी कमी जळायची, पण केसांवर कॅल्शियमचा थर बसून ते कोरडे पडायचे. हायड्रॉक्साइडनं बदललेला बंध परत पहिल्यासारखा जुळत नाही.

आपल्याकडं ती रसायनं फारशी आली नाहीत. आपल्याकडं आलं ते जपानी पद्धतीचं रिबॉण्डिंग. थायोग्लायकोलेटची क्रीम बंध तोडते, तापलेली इस्त्री केस सरळ करते, दुसरी क्रीम बंध पुन्हा जोडते. सगळे बंध काही जुळत नाहीत. त्यात आधी रंग लावलेला असेल, मेंदी असेल, वर्षात दोनदा काम झालं असेल, तर केस तुटणारच.

मग ब्राझीलहून केराटिन ट्रीटमेंट आली. बंध तोडत नाही, उलट प्रथिन भरते, अशी जाहिरात. पण काम करत होतं फॉर्मल्डिहाइड. प्रयोगशाळेत बेडूक ठेवायच्या बरणीतलं फॉर्मलिन आठवतंय का? तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणारं म्हणून जाहीर केलेलं आहे. इस्त्री फिरली की त्याची वाफ उठते. गिऱ्हाईक वर्षातून एकदा हुंगतं, पार्लरमधली बाई रोज हुंगते. तिचा विचार कोण करतं? बिचारी कर्ज काढून दुकान टाकते, घर चालवते, आणि बाटलीत काय आहे हे तिलाच कुणी सांगितलेलं नसतं.

फॉर्मलिनवर बोंब झाली, मग "फॉर्मलिन-फ्री" माल आला. त्यातल्या बऱ्याच मालात ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद छापून आली. २०२०, २०२१ आणि २०२२, तिन्ही वेळा केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये हेच आम्ल होतं. डॉक्टरांनी ती क्रीम उंदरांना लावून बघितली, त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे सापडले. इस्रायलमध्येही केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड बिघडलेले २६ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत.

अमेरिकेत ३३ हजारांवर महिलांचा सुमारे अकरा वर्षं अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या अडीचपट दिसलं. याचा अर्थ एकदा स्मूदनिंग केलं की कर्करोग झालाच असा नाही. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा.

आता आपल्या मातीतलं बोलू. बाईच्या केसांवर तिच्याशिवाय सगळ्यांचा हक्क, ही आपली जुनी खोड. विधवेचे केस समाज उतरवायचा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनीच सभा घेतली आणि आम्ही हे काम करणार नाही असं ठरवलं. दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं. आपल्या जतला मार्गशीर्षात यल्लमादेवीची यात्रा भरते. केसांत गुंता होऊन जट धरली की देवीचं बोलावणं आलं असं मानलं गेलं, आणि किती बायकांनी ते ओझं आयुष्यभर मानेवर वागवलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्यांनी, घरोघरी जाऊन समजूत काढत शेकडो बायकांना जटेतून सोडवलं. जट कापायला दहा मिनिटं लागतात. भीती काढायला महिने लागतात.

तिथं केस कापायची भीती होती, इथं कुरळ्या केसांची लाज आहे. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं केस सरळच दिसले पाहिजेत, हे त्या पोरीच्या डोक्यात कुणी घातलं? आपणच.

आता ज्यांचे केस बिघडलेत त्यांच्यासाठी. खरं ऐका, तुटलेला केस दुरुस्त होत नाही. "रिपेअर" लिहिलेली बाटली केसावर मुलामा देते, धुतला की उतरतो. नवा केस मात्र महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे धीर धरायचा, वर्ष-दीड वर्ष, आणि तोवर जुना केस सांभाळायचा.

पहिलं, दुसरं कुठलंही रसायन लावू नका. बिघडलं म्हणून परत केराटिन, हा सर्वात महागडा मूर्खपणा. इस्त्री आणि रंगही बंद.

दुसरं, फाटे फुटलेली टोकं दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी कापा.

तिसरं, धुवायच्या आधी खोबरेल लावा. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासलं. केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही सांगतो, पण आजीचं तेलपाणी वाया नव्हतं एवढं खरं.

चौथं, अंगाचा साबण केसांना नको. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. जमलं तर शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या. ओले केस ओढून विंचरू नका. मोठ्या दातांचा कंगवा घ्या, टोकाकडून वर या. नवा केस आणि जुना केस जिथं जुळतो तिथंच तो जास्त तुटतो, म्हणून घट्ट रबर लावून केस ओढून बांधू नका.

टाळूवर फोड, जखम किंवा चट्टे असतील तर घरगुती उपाय नकोत, सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा. काम केल्यावर उलट्या, कंबरदुखी, लघवी कमी असं झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि केसाला काय लावलं ते डॉक्टरांना सांगा.

आणि पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी बाटली हातात घ्या. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, मुदत, घटक हे सगळं छापलेलं पाहिजे, तो कायदा आहे. सुट्या डब्यातला, लेबल नसलेला माल दिसला तर सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार करा. पार्लरवाल्या ताईंनाही विनंती, तुम्हीच पुरवठादाराला घटकांची यादी मागा, खिडकी-पंखा चालू ठेवा. त्या वाफेत पहिला जीव तुमचा आहे.

नाभिकांनी १८९० साली सांगितलं, हे आम्ही करणार नाही. एवढं आपल्याही पोरींना म्हणता यावं. तिला हौस असेल तर ती जरूर केस सरळ करेल, पण माहिती घेऊन. पाहुण्यांसाठी नको.

घरात लग्नाची पोरगी असेल तर हे तिला वाचून दाखवा. आणि तिचे केस कुरळे असतील तर एकदा छान दिसतात म्हणा.