वाघोबा: कुजणाऱ्या लाकडातला देव

१/ जुन्नरचा इतिहास दगडात वाचला जातो. तालुक्यात २०० हून अधिक कोरीव लेणी आहेत. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. पण माळशेज घाटालगतच्या मढ परिसरात, महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या वस्त्यांत, असा एक देव पुजला जातो ज्याला ना शिलालेख आहे, ना सनावळी. तो देव म्हणजे वाघोबा. 🧵

२/ वाघोबाचे ठाणे सहसा गावाच्या शिवेवर, रानाच्या तोंडाशी असते. कुठे शेंदूर माखलेली शिळा, तर कुठे कोरीव लाकूड. हे लाकडी रूप उत्तरेला पालघर आणि डांगकडे विशेष ठळक दिसते: उभ्या फळीवर वाघ, वर सूर्य-चंद्र आणि अनेकदा सोबत नाग.

३/ सूर्य-चंद्राची हीच जोडी वीरगळांवर आणि गद्धेगळांवरही आढळते. तिथे तिचा अर्थ ‘आचंद्रसूर्य’, म्हणजे कायमचे. वाघोबाच्या फळीवर मात्र ही खूण पावसात कुजणाऱ्या, वाळवी लागणाऱ्या लाकडावर कोरलेली असते.

४/ लाकूड टिकूच शकत नाही, असे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. त्यांना कातळाचे छत लाभले. शिवेवरच्या देवाला उघडे आभाळ.

५/ नायजेरियातील योरुबा समाजातही लाकडी मूर्तींची थोर परंपरा आहे. जुळ्यांपैकी एखादे मूल दगावल्यास त्याची ‘इबेजी’ मूर्ती कोरली जाई. तिला न्हाऊ घालत, भरवत, लाकडाची तांबडी पूड चोळत. वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने तिचा चेहरा झिजून गुळगुळीत होई. इबेजी मायेने झिजते. वाघोबा शेंदराच्या थरांखाली झाकला जातो.

६/ म्हणूनच वाघोबाचा इतिहास मूर्तीपेक्षा रिवाजात अधिक सापडतो. आश्विन वद्य द्वादशीला, इतरत्र वसुबारस असते त्या दिवशी, या डोंगरपट्ट्यात वाघबारस पाळतात. गुराखी शिधा गोळा करतात, वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवतात. मागणे एकच: गुरे आणि माणसे सुखरूप राहोत.

७/ हे मागणे जुने झालेले नाही. पट्टेरी वाघ इथून नाहीसा झाला. लोकांच्या बोलीत मात्र बिबट्याही ‘वाघ’च. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्या त्या उसात वाढू लागला. जुन्नर-आंबेगावात त्याच्या हल्ल्यांत माणसे, लहान मुलेही दगावली आहेत. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात.

८/ वाघोबाला भोळे निसर्गप्रेम समजणे चूक ठरेल. ज्याची भीती वाटते, त्याच्याशीच शेजार राखण्याचा तो करार आहे. आता कुठे कुठे कोरीव फळीच्या जागी सिमेंटचा रंगीत वाघ बसतो. तिथे पूजा पुढे चालू राहते. फळी कोरणारा हात मात्र थांबतो. लाकूड कुजले तर नवे कोरता येते. कोरणाराच उरला नाही, तर या इतिहासाचे ते पान कोणत्याही शिळेवर सापडणार नाही.

(समाप्त)