फूल की दोन पानं?

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लोकांना कळत नाही हो." कुठलाही पक्ष हरू दे, वाक्य तेच, फक्त बोलणारी तोंडं बदलतात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हे दोन्ही बाजूंकडून ऐकलंय. आणि दर वेळी मला गोव्याचा १९६७ चा जनमत कौल आठवतो. आपल्यापैकी बहुतेकजण गोव्याला चार-पाच वेळा तरी जाऊन आलेले असतात, पण तिथे एकदा मराठी माणूस मतदानात हरला होता, हे कुणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात तर मला ते कधी दिसलं नाही.

तर गोष्ट अशी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दमण, दीवसकट केंद्रशासित प्रदेश झाला. संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्षं झालं होतं. मुंबई मिळाली, आता गोवाही आपलाच, अशी इकडे साधारण समजूत. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला. या पक्षाचं नावच त्याचा जाहीरनामा होतं. समोर जॅक सिक्वेरांची युनायटेड गोअन्स पार्टी, तिचं म्हणणं की गोवा वेगळा राहू दे. ती विरोधात बसली.

आता बांदोडकरांचा युक्तिवाद बघा. आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलो, विधानसभेत आमचं बहुमत आहे, मग अजून काय विचारायचं? खरं सांगायचं तर यात खोट काढणं सोपं नाही. प्रतिनिधींची लोकशाही अशीच चालते. पण सिक्वेरांनी दिल्लीत लावून धरलं की एवढा मोठा निर्णय आमदारांच्या डोकी मोजून करू नका, लोकांना थेट विचारा. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. (हे वाक्य परत एकदा वाचा. मतदानात ढवळाढवळ झाली असं कुणी म्हणू नये म्हणून मुख्यमंत्री खुर्ची सोडतो!)

गोव्यासाठी मतपत्रिकेवर दोनच चिन्हं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहा. तारीख १६ जानेवारी १९६७.

प्रचारात काय नव्हतं? भाषा होती, नोकऱ्या होत्या, महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्यांबद्दलची कुरकुर होती, विलीन झालो तर दारूबंदी येईल ही भीतीही होती. दुसऱ्या बाजूला बहुजन समाजातल्या कुळांना बांदोडकर आपले वाटत होते, कारण जमीनदारांविरुद्ध उभा राहणारा तो पहिला माणूस होता. त्यांच्या दृष्टीने 'वेगळा गोवा' म्हणजे जुन्याच भाटकारांचा गोवा. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 'राष्ट्रमत'. मडगावचं हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात होतं आणि ते निघायचं मराठीत. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. म्हणजे मराठी राज्यात जायला नको, हे लोकांना शुद्ध मराठीत पटवलं जात होतं. मराठी वाचणारा तो आपोआप महाराष्ट्रवाला, हे गणित तिथेच कोसळलं.

निकाल असा: दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. आपण शहरातले सुशिक्षित लोक लागून आलेल्या सुट्टीला लोणावळ्याला जातो, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा जरा डोळ्यांसमोर ठेवा.

"हिंदू विलीनीकरणाच्या बाजूने, ख्रिश्चन विरोधात" असं सोपं उत्तर अजून ऐकायला मिळतं. पेडणे, डिचोली फुलाकडे आणि सासष्टी पानांकडे, हे खरं आहे, पण आकडे तेवढ्यावर थांबत नाहीत. गोव्यात कॅथलिक लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि दोन पानांना वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून जास्त मिळाली. वरची मतं कुठून आली? हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारला होता, दुसरं उत्तर नाही.

आणि आता खरी गंमत. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. मतदार तेच. निवडून कोण आलं? बांदोडकर! तीसपैकी सोळा जागा त्यांच्या पक्षाला, युनायटेड गोअन्सना बारा. जानेवारीत ज्यांची मुख्य मागणी लोकांनी फेटाळली, त्यांनाच राज्य चालवायला परत बोलावलं.

लोकांना कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण घेऊन बसावं. निवडणूक म्हणजे पॅकेज डील असते. एका बटणात नेता, जात, रस्ता, शाळा, जमीन सगळं बांधलेलं असतं, एखादं मोड्यूल नको म्हणायची सोय नसते. गोवेकरांना ती सोय एकदाच मिळाली आणि त्यांनी ती चोख वापरली: माणूस हवा, विलीनीकरण नको. म्हणून आज कुणीही जिंकलेला नेता "जनतेने माझ्या प्रत्येक निर्णयावर शिक्कामोर्तब केलंय" म्हणतो तेव्हा मला ते अजिबात पटत नाही. आणि हरलेला "लोक विकले गेले" म्हणतो तेही नाही.

बांदोडकरांना पळवाटा होत्या. कायद्याने हा नुसता 'कौल' होता. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेकडेच. मार्चमधल्या विजयाचा आधार घेऊन त्यांना परत तोच घोष लावता आला असता. पण ते केंद्रशासित गोव्याचे मुख्यमंत्री म्हणून कामाला लागले, ते १९७३ मध्ये जाईपर्यंत. ज्या वेगळ्या गोव्याच्या विरोधात ते उभे होते, तो गोवा उभारण्यात त्यांचाच वाटा मोठा, हे त्यांचे तेव्हाचे विरोधकही नाकारत नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. भाषा मतपत्रिकेवर नव्हती, त्यामुळे तो वाद शिल्लक राहिला आणि १९८६ मध्ये रस्त्यावर आला, माणसं गेली. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही त्याच कायद्यात जागा मिळाली, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं.

पण त्याच वर्षातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून बघा. बेळगावचं काय करायचं हे ठरवायला महाजन आयोग नेमला होता, त्याचा अहवालही १९६७ चाच. तिथे लोकांना मतपेटीवर थेट प्रश्न विचारला गेला नाही, आयोगाने ठरवलं आणि महाराष्ट्राने ते फेटाळलं. गोवा आपण चौतीस हजार मतांनी हरलो आणि पुढच्या पिढीला आठवतसुद्धा नाही. बेळगावचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. गोव्यात १६ जानेवारीला 'अस्मिताय दिस' साजरा होतो. पुढच्या वेळी जानेवारीत तिकडे असाल तर बीचवरून थोडं आत, एखाद्या म्हाताऱ्या गोवेकराकडे जा आणि विचारा, फूल की दोन पानं? मी विचारलं तेव्हा दोन तास गेले, आणि ते सगळं बोलणं मराठीत झालं.