कळमनुरीत हललं तर परभणीत का जाणवतं? भूकंप आणि आपली घरं

परभणी : २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हलली. फडताळातली भांडी वाजली, पत्रे खडखडले, माणसं लेकरांना घेऊन अंगणात आली. दहा मिनिटांनी, ६ वाजून १९ मिनिटांनी दुसरा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने पहिल्याची नोंद ४.५ आणि दुसऱ्याची ३.६ रिश्टर अशी केली. केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूर भागात होता. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का आला, तोही कळमनुरी तालुक्यातूनच, रामेश्वर तांडा परिसरातून. त्याआधी २० नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे हिंगोलीत ३.५ ची नोंद होती.

कळमनुरीचा तो भाग परभणी शहरापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. १ मे १९९९ पर्यंत तर तो परभणी जिल्ह्यातच होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे या गावाचंही तसंच. तिथे जमिनीतून गुरगुर, कधी स्फोटासारखा आवाज येतो, हे आजूबाजूच्या गावांना वर्षानुवर्षं माहीत आहे.

आवाज कशाचा, धक्का कशाचा

आपल्या पायाखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून ते तयार झाले. त्यांच्याही खाली जुना खडक आहे आणि त्यात जुन्या भेगा आहेत. भारताची सगळी भूमी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि तिकडे आशियाच्या भूमीला रेटते. हिमालय त्या रेट्यातूनच उभा राहिला. रेटा हिमालयापुरता राहत नाही, तो मागे आपल्यापर्यंत पोचतो. एखाद्या जुन्या भेगेला तो सोसला नाही की खडक सटकतो. खडक सटकला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली लहर वेगाने येते, पण फार हलवत नाही. ती जमिनीतून हवेत उतरली की गुरगुर ऐकू येते. मागून येणारी दुसरी लहर भिंती हलवते. भूकंप अगदी बारका आणि उथळ असेल तर नुसता आवाजच येतो, हलणं जाणवत नाही.

पारावर दोन गोष्टी हमखास निघतात. एक, हे सगळं बोअर पाडून पाडून झालं. २०२४ च्या धक्क्यांचं उगमस्थान सुमारे दहा किलोमीटर खोल नोंदलं गेलं, म्हणजे तेहतीस हजार फूट. आपला बोअर आठशे फुटाला गेला तरी खिसा मोकळा होतो, तेव्हा तो हिशोब जुळत नाही. दुसरी गोष्ट धरणाची. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा भूकंप झाला, त्याचा संबंध धरणात साठवलेल्या पाण्याशी आहे असं शास्त्रज्ञ मानतात. त्यासाठीच कऱ्हाडजवळ खोल छिद्र घेऊन अभ्यास सुरू झाला. पण कोयनेचं माप उचलून येलदरीला किंवा इसापूरला लावता येत नाही.

७.३ ला १४, आणि ६.२ ला हजारो

१७ डिसेंबर २०२४ ला प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशात ७.३ रिश्टरचा भूकंप झाला. त्या भागात समुद्राच्या तळाची भूमी दुसऱ्या भूमीखाली सतत शिरत असते, त्यामुळे मोठे धक्के तिथे नवे नाहीत. जगातले बहुतेक भूकंप या महासागराच्या काठाकाठानेच होतात. राजधानी पोर्ट व्हिला इथे काँक्रीटच्या काही इमारती कोसळल्या आणि देशात १४ माणसं गेली.

किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. त्या हिशोबाने वानुआतूच्या भूकंपात किल्लारीपेक्षा चाळीस पटींहून जास्त ऊर्जा होती. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काही सेकंदांत हजारो माणसं गाडली गेली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सापडतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती.

फरकाची कारणं एकाहून जास्त आहेत. वानुआतूचा धक्का दिवसा दुपारी आला, तो जमिनीत बराच खोल होता, आणि तिथल्या खेड्यांतली पुष्कळ घरं लाकूड, बांबू आणि गवताची हलकी आहेत. किल्लारीचा उथळ होता, ऐन झोपेत आला. पण मेले ते बहुतेक भिंती आणि माळवदाखाली. जमीन हलून माणूस सहसा मरत नाही, वरचं अंगावर येतं त्याने मरतो.

ते माळवदाचं घर आपल्याला परकं नाही. दोन-अडीच फूट जाडीची दगड-मातीची भिंत. बाहेरून एक दगडाची ओळ, आतून एक, मधे चिपा आणि माती भरलेली. दोन ओळींना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी सर, किलचाण आणि त्यावर मातीचा थर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची; बापाने टाकली, आज्याने टाकली, थर वाढत गेला. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल तर वजन आठ टनांच्या आसपास जातं, म्हणजे एक भरलेली उसाची ट्रॉली डोक्यावर. उन्हाळ्यात असं घर गार असतं, यात वाद नाही. हादऱ्यात मात्र भिंतीच्या दोन ओळी एकमेकींपासून सुटतात, भिंत ढासळते आणि ट्रॉली खाली येते.

किल्लारी तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. तो पहिला पट्टा नंतर नकाशातूनच काढला. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीत लहान धक्के बसत होते, नंतर ते कमी झाले. म्हणून कळमनुरीतही तसंच होणार असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. लहान धक्के बहुतेक ठिकाणी लहानच राहून विरतात. भूकंपाची तारीख सांगणारं यंत्र जगात कुठेही नाही, अमक्या रात्री मोठा येणार असा मेसेज पुढे पाठवू नये.

घरात काय बघायचं

मार्च २०२४ मध्ये धक्क्यानंतर प्रशासनाने आधी सांगितलं ते हे, की पत्र्यावर ठेवलेले दगड काढा. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून आपण धोंडे ठेवतो, ते हादऱ्यात थेट खाली येतात. पत्रा जे-हुकाने, नटबोल्टने आवळून घ्यावा. खर्च थोडा आहे आणि वादळातही उपयोग होतो.

माळवद असेल तर जुना थर उतरवून वजन कमी करणं हे पहिलं काम. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात हेच केलं होतं. शिवाय भिंतीत ठराविक अंतरावर आरपार काँक्रीटचे जोड, दारा-खिडकीच्या वर घरभर फिरणारा सळईचा पट्टा, आणि लाकडी खांब व सर यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार. नवीन घरकुल बांधताना हा पट्टा मिस्त्रीकडून करूनच घ्यावा. हप्ता संपत आला की पहिली कात्री त्यालाच लागते.

भिंतीला पोट सुटलं असेल, म्हणजे ती मधे फुगली असेल, तर त्या भिंतीला लागून खाट टाकू नये. लेकरांची तर नाहीच.

भेगांचा गोंधळ फार होतो. आपल्या काळ्या रानात जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे घरांना तशाही भेगा पडतात आणि धक्क्यानंतर सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे जातं. जुन्या भेगेत धूळ, जाळी, रंगाचे ओघळ दिसतात. नवीन भेगेची कड ताजी असते. भेग वाढते का हे बघायला तिच्यावर आडवी सिमेंटची चिकटी लावून तारीख लिहावी. चिकटी तुटली की भेग वाढतेय.

धक्का बसला तेव्हा दगड-मातीच्या घरात दाराजवळ असाल तर मोकळ्यात जावं. दोन भिंतींच्या अरुंद बोळात थांबू नये. स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जिन्याकडे पळण्यापेक्षा मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसावं. शेतात असाल तर विहिरीच्या काठापासून आणि विजेच्या तारांपासून दूर. थांबल्यावर गॅस बंद, मेन स्विच बंद, गोठ्यातली दावी सोडावीत. पुन्हा धक्का येऊ शकतो म्हणून दागिने, कागद आणायला लगेच आत शिरू नये.

मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. पडझड झाली तर मलबा हलवण्याआधी फोटो काढून तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांना कळवावं. पंचनाम्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.